पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी : मेंदूचे पुन्हा शिकणे

‘अंगावरून वारे गेले’ हा मराठीतील जुना शब्दप्रयोग आहे. सकाळी उठताना हात उचलत नाही, बोलताना जीभ जड होते, चहाचा कप हातातून निसटतो आणि काही मिनिटांत घराचे चित्र पालटते. वैद्यकात या विकाराला पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात. ‘स्ट्रोक’ हा इंग्रजी शब्दही आता मराठीत रुळला आहे. २५ वर्षांवरील दर चार व्यक्तींपैकी एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा पक्षाघात होण्याची शक्यता असते, असा जागतिक पातळीवरचा अंदाज आहे. जिवावरचे संकट टळले की घरातील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : हात-पाय पुन्हा चालू लागतील का?

या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते. मेंदूला झालेली इजा किती मोठी आणि कोठे आहे, ही पहिली. ती कोणाच्याही हातात नसते. पुढील काही महिन्यांत रुग्णाकडून नेमके काय आणि किती करून घेतले जाते, ही दुसरी. ती मात्र बऱ्याच अंशी हातात असते. दुर्दैवाने हेच महिने अनेक घरांत विश्रांती, मालीश आणि ऐकीव उपचारांत निघून जातात. फिजिओथेरपी म्हणजे ‘शेक आणि करंट’, ही समजूतही त्याला कारणीभूत आहे.

दोष अवयवात नसतो

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की त्या भागातील पेशींचा प्राणवायू तुटतो आणि त्या मरू लागतात. बहुसंख्य रुग्णांत कारण गुठळी असते, उरलेल्यांत रक्तस्राव. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचालींवर आणि उजवा भाग डाव्या बाजूच्या हालचालींवर नियंत्रण ठेवतो. त्यामुळे इजा एका बाजूस आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूस दिसतो.

तोंड वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय त्वरित गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी बंद झाली असल्यास निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळीद्वारे गुठळी काढता येते. फिजिओथेरपीचे काम त्यानंतर सुरू होते, पण या पहिल्या तासांत जेवढा मेंदू वाचतो तेवढे ते काम सोपे होते.

पक्षाघाताच्या रुग्णाचा हात लुळा पडतो तेव्हा हाताचे स्नायू, हाडे आणि सांधे शाबूत असतात. त्यांना मेंदूकडून येणारा हुकूम येईनासा झालेला असतो. म्हणून केवळ हात चोळून किंवा शेकून हालचाल परत येत नाही. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत हे खरे, तरी सुधारणेला दोन वाटा असतात. इजेभोवतीची सूज उतरल्यावर नुसत्या बधिर झालेल्या पेशी कामाला लागतात. पहिल्या काही आठवड्यांतील बरीचशी सुधारणा अशी आपोआप होते. दुसरी वाट अधिक महत्त्वाची आहे. मेंदूचे शेजारचे भाग नवे जोड तयार करून गेलेले काम थोडेफार आपल्याकडे घेतात. मेंदूच्या या गुणाला ‘न्यूरोप्लास्टिसिटी’ म्हणतात. रानातली पायवाट जशी रोज चालल्यानेच पडते, तसे हे नवे जोड वापरानेच पक्के होतात.

अमेरिकेतील रँडॉल्फ न्यूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांवरील प्रयोगातून हे दाखवून दिले. मेंदूतील हाताच्या भागास छोटी इजा झाल्यावर ज्या माकडांना सराव मिळाला नाही, त्यांच्या मेंदूतील हाताचा उरलेला भागही आक्रसत गेला. ज्यांच्याकडून बोटांचा बारीक सराव करून घेण्यात आला, त्यांच्यात तो भाग टिकला आणि काहींत शेजारच्या क्षेत्रात पसरला. वापर थांबला की मेंदू त्या अवयवाचा हिशेब मिटवून टाकतो, असा याचा अर्थ होतो.

उपचारपद्धतीचा प्रवास

मज्जाविकारांवरील फिजिओथेरपीला आजचे रूप येण्यास सुमारे ८० वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्षाघाताच्या रुग्णाला चांगल्या हाताने कामे करायला शिकवणे आणि बाधित बाजू सोडून देणे, हाच प्रघात होता. बर्लिनहून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ यांनी १९४० च्या दशकात त्याला छेद दिला. ताठर झालेल्या अंगाला योग्य स्थितीत ठेवून आणि हाताळून सुलभ हालचाल घडवता येते, असे त्यांनी दाखवले. त्यांचे पती डॉ. कारेल बोबाथ यांनी त्याला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. मूळच्या स्वीडनच्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी लुळेपणापासून नियंत्रित हालचालीपर्यंतच्या सुधारणेचे सहा टप्पे मांडले. आजही फिजिओथेरपिस्टच्या नोंदीत हे टप्पे आढळतात.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील जॅनेट कार आणि रोबर्टा शेपर्ड यांनी विचाराची दिशा बदलली. रुग्णाला नुसते हाताळू नये, त्याला शिकवावे, आणि जे काम त्याला करता यायला हवे त्याच कामाचा सराव द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. खुर्चीतून उठायचे असेल तर खुर्चीतून उठण्याचाच सराव, पेला उचलायचा असेल तर पेला उचलण्याचाच सराव, हे आजच्या उपचारांचे सूत्र आहे.

भारतात या विद्याशाखेचा पाया मुंबईत घातला गेला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन वैद्यकाची संस्था स्थापन झाली. त्या काळी पोलिओने पांगळी झालेली मुले हा मोठा प्रश्न होता. पोलिओ मागे हटला आणि त्याची जागा पक्षाघात, मेंदूला मार, मणक्याची दुखापत आणि कंपवात यांनी घेतली.

पहिले दिवस : स्थिती, श्वास आणि खांदा

प्रकृती स्थिर झाली की रुग्णालयातच फिजिओथेरपी सुरू होते. या टप्प्यात व्यायामापेक्षा शरीराच्या स्थितीला महत्त्व असते. रुग्णाला एकाच कुशीवर किंवा पाठीवर तासन्‌तास ठेवल्यास माकडहाड, टाच आणि खुब्यावर शय्याव्रण होतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. बाधित हाताखाली उशी देऊन तो सरळ आणि किंचित उंच ठेवला जातो. पाऊल खाली लोंबू नये याची काळजी घेतली जाते. छातीचे व्यायाम आणि बसती स्थिती यांमुळे फुप्फुसात कफ साचत नाही.

घास गिळण्याची तपासणी होण्यापूर्वी तोंडाने पाणीही देऊ नये. प्रेमापोटी पाजलेला चमचाभर चहा श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

सर्वांत जपावा लागतो तो खांदा. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधारावर उभा असतो. स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरतो. अशा वेळी रुग्णाला उठवताना बाधित हात धरून ओढला किंवा काखेत हात घालून उचलले, तर खांद्याला कायमची दुखापत होते. दुखऱ्या खांद्याचा रुग्ण पुढे हाताचा कोणताच व्यायाम करू देत नाही. उठवताना पाठीमागे, खांद्याच्या पात्यावर आणि कमरेवर आधार द्यावा.

लवकर सुरुवात चांगली, म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णाला वारंवार उभे करावे का? याचे उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ या चाचणीने दिले. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर ती झाली. पहिल्या २४ तासांत सुरू करून अधिक प्रमाणात उठवण्या-चालवण्याचा परिणाम नेहमीच्या पद्धतीपेक्षा काहीसा वाईट निघाला. तेव्हापासून पहिल्या दिवशी घाई न करता, थोड्या वेळाचे आणि बेताचे प्रयत्न करण्याकडे कल आहे. याचा अर्थ आठवडाभर अंथरुणात पडून राहावे असा मुळीच नाही.

पहिले तीन महिने : आवृत्त्यांचे गणित

मेंदू शिकण्यास सर्वांत अनुकूल असा काळ पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असतो. अमेरिकेत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७२ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. हाताच्या कामांचा २० तासांचा जादा सराव कोणाला पहिल्या महिन्यात, कोणाला दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास, तर कोणाला सहा महिने उलटल्यावर देण्यात आला. सर्वाधिक लाभ दोन ते तीन महिन्यांच्या गटाला झाला. चाचणी लहान होती, पण तिचा रोख स्पष्ट आहे. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे हेच कामाचे आठवडे असतात. नेमके तेव्हाच अनेक घरांत उपचार थंडावतात.

आवृत्त्यांची संख्या हा दुसरा प्रश्न. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूतील बदल दिसले ते एका दिवसात शेकडो वेळा केलेल्या हालचालींनंतर. प्रत्यक्षात काय घडते हे अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये मोजले. ज्या सत्रांत हाताच्या उपयुक्त कामांचा सराव घेतला जात होता, त्यांत सरासरी केवळ ३२ आवृत्त्या होत होत्या. दिवसातून दहा वेळा हात वर-खाली केला की झाले, ही समजूत किती अपुरी आहे हे यावरून ध्यानात येते.

सराव नुसता पुष्कळ असूनही भागत नाही. त्यात रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न हवा. दुसऱ्याने हात हलवल्याने सांधे मोकळे राहतात, त्याची गरजही असते, परंतु त्यातून मेंदू फारसे शिकत नाही. सराव किंचित कठीण हवा, जमू लागला की वाढवलेला हवा आणि त्याला रोजच्या जगण्यात अर्थ हवा. ज्या बाईने आयुष्यभर भाकऱ्या थापल्या तिला परातीतले पीठ मळायला दिले, तर तिचा हात जसा कामाला लागतो तसा रबरी चेंडू दाबून लागत नाही. शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, तांब्या उचलून ओतणे, शर्टाची बटणे लावणे, पायजम्याची नाडी बांधणे, साडीच्या निऱ्या घालणे हे सारे व्यायामच आहेत. हाताची मूठ आधीच घट्ट आवळलेली असेल, तर चेंडू दाबत राहण्याने बोटे उघडण्यास मदत होत नाही. तेथे वस्तू सोडण्याचा आणि बोटे सरळ करण्याचा सराव अधिक मोलाचा ठरतो.

हातासाठी वेगळ्या पद्धती

पाय लवकर चालू लागतो आणि हात मागे राहतो, असा अनेक रुग्णांचा अनुभव असतो. चालण्यासाठी पायाची ढोबळ हालचाल पुरते, हाताला मात्र बोटांचे बारीक काम लागते. शिवाय चांगला हात सगळी कामे उरकतो, त्यामुळे बाधित हाताला संधीच मिळत नाही. न वापरण्याची ही सवय मोडण्यासाठी अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांनी चांगल्या हाताला मोजा घालून तो बांधून ठेवण्याची आणि बाधित हाताकडून दिवसाचे अनेक तास काम करून घेण्याची पद्धत विकसित केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्साइट’ चाचणीत २२२ रुग्णांपैकी एका गटावर ती दोन आठवडे वापरण्यात आली आणि तिचा लाभ वर्षभर टिकल्याचे दिसले. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी उघडू शकणाऱ्यांनाच ती लागू पडते.

ज्यांचा हात अजिबात हलत नाही त्यांच्यासाठी आरशाचा उपाय आहे. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा असा उभा ठेवायचा, की बाधित हात त्यामागे लपेल आणि आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब बाधित हाताच्या जागी दिसेल. त्याकडे पाहत हालचाल केली की मेंदूला दोन्ही हात हलत असल्याचा भास होतो. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात कापलेल्या अवयवाच्या जागी जाणवणाऱ्या वेदनांसाठी ही कल्पना वापरली. पुढे ती पक्षाघातातही उपयोगी ठरली. खर्च एका आरशाचा.

महागड्या यंत्रांबाबत मात्र सावध असावे. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोटच्या साहाय्याने दिलेल्या सरावामुळे नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या उपयोगात फरक पडला नाही. विजेच्या हलक्या झटक्यांचेही तसेच. रुग्ण स्वतः बोटे उघडण्याचा किंवा पाऊल उचलण्याचा प्रयत्न करीत असताना ते दिले तर मदत करतात. रुग्ण स्वस्थ पडलेला असताना दिलेल्या ‘करंट’मधून कामाची हालचाल परत येण्याची अपेक्षा ठेवू नये.

चालणे, पायऱ्या आणि शौचालय

चालण्याआधी बसणे, बसण्याआधी कूस वळणे, असा क्रम असतो. आधाराशिवाय पलंगाच्या कडेला बसता येणे ही मोठी पायरी आहे. त्यानंतर खुर्चीतून उठणे-बसणे, दोन्ही पायांवर सारखा भार घेणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे आणि मग पावले टाकणे. पाऊल लोंबत असल्यास घोट्याला प्लास्टिकचा आधार देतात. त्यामुळे अंगठा जमिनीला अडकत नाही.

काठी चांगल्या हातात धरावी. सोबत्याने बाधित बाजूला उभे राहावे. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना बाधित पाय आधी, हा नियम घरातल्या सर्वांना पाठ असावा. घोटीव फरशी, पायपुसणी, उंबरा आणि ओले न्हाणीघर ही पडण्याची ठिकाणे आहेत. सैल चपलेऐवजी मागून पट्टा असलेली पादत्राणे घालावीत. बैठे शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आणि भिंतीला पक्का दांडा बसवणे ही चैन नसून गरज आहे. मांडी घालून बसणे आणि जमिनीवरून उठणे हा मराठी घरातील जगण्याचा भाग असल्याने त्याचाही सराव कालांतराने थेरपिस्टकडून मागून घ्यावा.

चालण्यासाठी मोठी यंत्रणा लागतेच असे नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘लीप्स’ चाचणीत ४०८ रुग्ण होते. शरीराचे वजन पट्ट्यांनी उचलून धरून ट्रेडमिलवर चालवणे आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन ताकद व तोल यांचे व्यायाम घेणे, यांची तीत तुलना झाली. वर्षअखेर दोन्हींचा परिणाम सारखाच होता आणि निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांच्या चालण्यात लक्षणीय सुधारणा झाली होती.

घरच्यांचा वाटा आणि त्याची मर्यादा

भारतात रुग्णाची सारी भिस्त कुटुंबावर असते. तेव्हा घरच्यांनाच प्रशिक्षण देऊन फिजिओथेरपिस्टची उणीव भरून काढता येईल का, हा प्रश्न भारतातच तपासला गेला. ‘अटेंड’ या चाचणीत देशातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्ण सहभागी झाले. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्यांना प्रशिक्षण दिलेल्या गटात आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के होते.

हा निष्कर्ष निराश करणारा वाटला, तरी त्यातील बोध महत्त्वाचा आहे. माया आणि चिकाटी यांना प्रशिक्षित नजरेची जोड लागते. कोणता व्यायाम केव्हा वाढवायचा, कोणती चुकीची लकब मोडायची, ताठरपणा वाढत असेल तर काय थांबवायचे, हे थेरपिस्ट ठरवतो. शहरापासून दूर राहणाऱ्या आणि रोज थेरपिस्टकडे जाणे न परवडणाऱ्या कुटुंबाने निदान आठवड्या-पंधरवड्याला तपासणी करून व्यायामाचा नवा क्रम लिहून घ्यावा आणि मधल्या दिवसांत त्याचा हिशेब वहीत ठेवावा.

घरच्यांकडून होणारी एक चूक फार प्रेमळ असते. रुग्णाला घास भरवणे, कपडे घालणे, पाणी हातात देणे. ज्या कामाला रुग्णाला दहा मिनिटे लागतील ते एका मिनिटात उरकून टाकण्याचा मोह होतो, पण ती दहा मिनिटे हाच त्याचा व्यायाम असतो. डाव्या बाजूच्या पक्षाघातात काही रुग्णांना डावीकडचे जगच जाणवत नाही. ताटातील डावीकडची भाजी तशीच राहते, डावा हात चाकात अडकला तरी कळत नाही. हा हट्ट किंवा वेंधळेपणा नसतो. अशा रुग्णाशी डावीकडून बोलावे आणि त्याला डावीकडे पाहण्याची सतत आठवण द्यावी.

रुग्ण व्यायाम टाळत असेल तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी नैराश्याचा विचार करावा. पक्षाघातानंतर ते वारंवार आढळते आणि औषधांनी व समुपदेशनाने त्यावर इलाज होतो.

कबुतराचे रक्त आणि इतर समजुती

लकव्यावर कबुतराचे रक्त चोळण्याचा प्रकार महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आजही चालतो. रक्त कातडीवर चोळल्याने मेंदूतील इजा भरून येण्याचा कोणताही मार्ग नाही. मग लोकांना गुण का येतो? याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. काही झटके २४ तासांच्या आत पूर्ण ओसरतात. चेहऱ्याची नस सुजल्याने तोंड वाकडे झालेले बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. पक्षाघातातही प्रारंभी आपोआप सुधारणा होते. श्रेय मात्र त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला मिळते. तोवर रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ ठेवण्याची औषधे बंद केलेली असतील, तर दुसरा झटका येतो आणि तो बहुधा पहिल्यापेक्षा भारी असतो.

हलक्या हाताने केलेल्या तेलमालिशाने बरे वाटते, त्याला हरकत नसते. मात्र ते सरावाची जागा घेऊ शकत नाही. पोटरी सुजून दुखत असेल तर नसेत गुठळी असण्याचा संभव असतो, तेव्हा मालीश करू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. बाधित अंगाची संवेदना कमी असते, म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेला कपडा लावल्यास भाजल्याचे रुग्णाला कळत नाही. अशा जखमा भरायला महिने जातात.

प्रत्येक विकाराचा व्यायाम निराळा

मज्जाविकारांच्या फिजिओथेरपीत एकाचा व्यायाम दुसऱ्याला चालत नाही. पक्षाघातात भरपूर आवृत्त्या हव्यात, तर गिलां-बारे सिंड्रोममध्ये अतिश्रम टाळावे लागतात. २०२५ च्या प्रारंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात या विकाराची साथ आली, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. त्यात इजा मेंदूला नसून हातापायांच्या नसांना झालेली असते. नसा सावरत असताना स्नायू थकवले तर अशक्तपणा वाढतो. म्हणून थोडा व्यायाम, पुरेशी विश्रांती आणि अनेक महिन्यांचा धीर, असा त्याचा क्रम असतो.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या कंपवातात हालचाली लहान होत जातात आणि चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेथे मोठ्या हालचालींचा सराव, फरशीवर आखलेल्या पट्ट्या ओलांडणे, अंक मोजत किंवा ठेक्यावर पावले टाकणे उपयोगी पडते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अनेक रुग्णांना उष्णता वाढली की त्रास वाढतो, म्हणून आपल्याकडील उन्हाळ्यात त्यांनी सकाळच्या गारव्यात व्यायाम करावा.

मणक्याच्या दुखापतीत कमरेखालची हालचाल परतली नाही, तरी पुनर्वसन संपत नाही. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि खेळाला उपचाराचा भाग बनवले. तेथे १९४८ मध्ये भरलेल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पांगळे झाले. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. जे गेले त्याच्या मागे न लागता, जे उरले आहे ते कमाल क्षमतेस नेणे, हाही या शास्त्राचा गाभा आहे.

थेरपिस्ट निवडताना

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टच्या नोंदणीसाठी २००२ च्या कायद्यान्वये राज्य परिषद आहे. राष्ट्रीय पातळीवर २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायदा झाला. घरी येणारी व्यक्ती नोंदणीकृत पदवीधर आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत तपासणी करतो, पुढील महिन्याचे उद्दिष्ट सांगतो आणि घरी करावयाचा सराव लिहून देतो. ‘महिनाभरात पळवून दाखवतो’ असे वचन देणारा बहुधा तो नसतो. बोलण्या-गिळण्यासाठी वाचाउपचारतज्ज्ञ आणि दैनंदिन कामांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचीही गरज लागते.

व्यायाम करताना छातीत दुखणे, खूप धाप लागणे, भोवळ, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा नव्याने अशक्तपणा जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. कायमचे अपंगत्व राहिल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळू शकते. कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचाही त्या कायद्यातील २१ प्रकारांत समावेश आहे.

सहा महिन्यांनंतर सुधारणेचा वेग मंदावतो, तो शून्य होत नाही. ‘एक्साइट’ चाचणीतील रुग्णांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले होते, तरीही त्यांच्या हातांत फरक पडला. वर्षभरानंतरही चालण्याची गती, तोल आणि दम सरावाने वाढतात, आणि सराव सोडला की मिळवलेले हळूहळू ओसरते. म्हणून पक्षाघातानंतरचा व्यायाम औषधाच्या गोळ्यांप्रमाणे संपवायचा नसतो. तो रक्तदाबाच्या गोळीसारखा दिनक्रमात बसवायचा असतो. आज पेला ओठांपर्यंत पोहोचला नाही, तरी पोहोचवण्याचा प्रत्येक प्रामाणिक प्रयत्न मेंदूतील त्या नव्या पायवाटेवर पडलेले एक पाऊल असतो.